पुढचे सस्पेन्शन बसणे (प्रीमियर पद्मिनी)

पुढचे सस्पेन्शन बसणे म्हणजे मोटारगाडीच्या पुढील भागाची जमिनीपासूनची मूळ उंची कायमस्वरूपी कमी होणे. गाडी रिकामी व स्थिर असतानाही तिचे नाक खाली झुकलेले दिसते, किंवा पुढचा एक कोपरा दुसऱ्यापेक्षा खाली राहतो. हा दोष सर्वच जुन्या गाड्यांत आढळतो. महाराष्ट्रात त्याची चर्चा प्रामुख्याने प्रीमियर पद्मिनी या लहान गाडीच्या संदर्भात होते, कारण तिचे उत्पादन थांबून दोन दशके उलटली असली तरी हौशी मालकांकडे अशा गाड्या अजूनही आहेत. पालघर आणि बोईसर-तारापूरसारख्या किनारी व औद्योगिक पट्ट्यात दमट, खारट हवेमुळे स्प्रिंग व तिची बैठक गंजण्याचा धोका अधिक असतो. त्यामुळे तेथे या दोषाचे निदान करताना गंजाची तपासणी विशेष महत्त्वाची ठरते.

पार्श्वभूमी

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने गाड्या बनवल्या. १९६४ मध्ये फियाट ११०० डी या प्रतिमानावर आधारित गाडी बाजारात आली. १९७० च्या दशकात तिला प्रथम प्रीमियर प्रेसिडेंट आणि नंतर प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. १०८९ घन सेंटिमीटर क्षमतेचे इंजिन पुढे आणि चालना मागच्या चाकांना अशी तिची मांडणी होती. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सर्वपरिचित झाली. टॅक्सींसाठीच्या २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून बंद झाली. खाजगी नोंदणीच्या गाड्या मात्र त्यानंतरही वापरात राहिल्या.

रचना

पद्मिनीच्या पुढच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे. प्रत्येक बाजूला वरचा व खालचा असे दोन आडवे बाहू (विशबोन), गुंडाळीची स्प्रिंग आणि नळीच्या आकाराचा द्रवचलित शॉकअब्सॉर्बर असतो. दोन्ही बाजू अँटी-रोल बारने जोडलेल्या असतात. मागे अखंड आस असून तिला पाट्यांच्या स्प्रिंगा, म्हणजेच बोलीभाषेतील 'पाटे', लावलेले असतात.

गाडीचे वजन स्प्रिंग पेलते, शॉकअब्सॉर्बर नव्हे. शॉकअब्सॉर्बरचे काम स्प्रिंगचे हेलकावे शमवण्याचे आहे. तो निकामी झाला तर गाडी खड्ड्यानंतर बराच वेळ डोलत राहते, पण तिची स्थिर उंची त्यामुळे कमी होत नाही. गाडी बसली की शॉकअब्सॉर्बर बदलणे हा सर्वाधिक आढळणारा आणि निष्फळ ठरणारा उपाय आहे.

स्प्रिंग बाहूच्या मध्यावर टेकत असेल, तर चाक जितके वरखाली होते त्याच्या साधारण निम्मेच अंतर स्प्रिंग दबते. या प्रमाणाला गती-गुणोत्तर म्हणतात. ते ०.५ धरल्यास स्प्रिंगची उंची १० मिमीने घटली की गाडीचा कोपरा सुमारे २० मिमीने खाली येतो. स्प्रिंगमधील लहानसा फरकही बाहेरून मोठा का दिसतो, याचे कारण हेच आहे.

कारणे

स्प्रिंग कायमची दबणे: पोलादी स्प्रिंगवर वर्षानुवर्षे भार राहिला की ती ताणाशी थोडी थोडी जुळवून घेते आणि तिची मुक्त लांबी घटते. अशी स्प्रिंग मऊ झालेली असतेच असे नाही. तिचा ताठपणा तारेच्या जाडीवर, गुंडाळीच्या व्यासावर व वेढ्यांच्या संख्येवर अवलंबून असतो, आणि या गोष्टी बदललेल्या नसतात. बदल होतो तो चाकाला वर जाण्यासाठी उरलेल्या अंतरात. ते कमी झाल्याने रबरी अडसर (बंप स्टॉप) वारंवार आदळतो आणि गाडी कडक वाटू लागते.

गंज: गुंडाळीच्या स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. तारेचा व्यास गंजाने सर्वत्र ३ टक्के घटला, तर ताठपणा सुमारे ११ टक्क्यांनी कमी होतो. शिवाय गंजाच्या खळग्यांपासून तडे सुरू होऊन स्प्रिंग अचानक तुटू शकते. खालचा वेढा बैठकीत साचलेल्या चिखलात राहत असल्याने तो बहुधा प्रथम गंजतो.

बैठक व सांगाडा खचणे: पद्मिनीला स्वतंत्र चासी नाही; पत्र्याचे कवच हाच तिचा सांगाडा आहे. स्प्रिंगची वरची बैठक किंवा पुढच्या आडव्या तुळईची जोडणी गंजून खचली, तर स्प्रिंग उत्तम असूनही कोपरा खाली येतो. सर्व कारणांत हे सर्वांत धोकादायक आहे, कारण नवी स्प्रिंग बसवल्यास कमकुवत पत्र्यावर उलट अधिक भार येतो.

झिजलेले बुश व पिना: बाहूंचे बुश, त्यांच्या पिना आणि किंगपिन झिजल्यास उंचीत थोडा फरक पडतो. मात्र त्यांचा मुख्य परिणाम चाकांच्या कोनांवर होतो.

चुकीचे सुटे भाग: उत्पादन बंद झाल्यानंतर जुन्या गाड्यांतून काढलेल्या किंवा निराळ्या मापाच्या स्प्रिंगा बसवल्या जातात. डावी व उजवी स्प्रिंग वेगवेगळ्या गाड्यांची असल्यास गाडी एका बाजूला कलते.

परिणाम

पुढचा भाग खाली गेला की किंगपिनचे वरचे टोक पुढे झुकते आणि कास्टर कोन घटतो. परिणामी सुकाणू हलके पण अस्थिर होते व गाडी सरळ रेषेत राहत नाही. वरचा बाहू खालच्यापेक्षा आखूड असलेल्या रचनेत चाकांची वरची बाजू आत कलते आणि टायरची आतली कड झिजते. हेडलाइटचा झोत आखूड पडतो, त्यामुळे रात्री कमी अंतरावरचे दिसते. चाक अडसराला टेकून राहत असेल तर खड्ड्याचा धक्का थेट सांगाड्याला बसतो आणि ब्रेक दाबताना चाकाची पकड सुटू शकते.

निदान

तपासणी सपाट फरशीवर करतात. गाडी रिकामी असावी, चारही टायर एकाच मापाचे व योग्य हवेचे असावेत आणि डिकीतील जास्तीचे सामान काढलेले असावे. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत मागच्या टाकीचे वजन लक्षात घ्यावे लागते. त्या वजनाने मागचे पाटे बसतात व पुढचा भाग तुलनेने उंच दिसतो, म्हणून पुढचा दोष झाकला जाऊ शकतो. तपासणीचा सर्वसाधारण क्रम असा असतो:

१. गाडी थोडी पुढेमागे ढकलून आणि चारही कोपरे दाबून सोडतात. त्यामुळे बुशमधील व टायरमधील अडकलेला ताण सुटतो.

२. प्रत्येक चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे उभे अंतर मोजतात. जमिनीपासून मोजल्यास टायरची झीज व हवा यांचा फरक मापात मिसळतो. केंद्रापासून मोजल्यास तो टळतो.

३. मडगार्ड पूर्वी ठोकून दुरुस्त केलेले असू शकते. म्हणून खालच्या बाहूच्या पिनेसारख्या पक्क्या बिंदूची जमिनीपासूनची उंचीही दोन्ही बाजूंना पडताळतात.

४. डावी-उजवी तफावत आढळल्यास दोष पुढे आहे की मागे, हे ठरवावे लागते. मागचा डावा पाटा बसला तर पुढचा डावा कोपराही थोडा खाली ओढला जातो. त्यासाठी मागच्या आसेच्या बरोबर मध्यावर, डिफरन्शियलच्या कवचाखाली जॅक लावून मागची चाके किंचित उचलतात. अशा स्थितीत मागचा भाग गाडीला कोणत्याही बाजूला कलवू शकत नाही. तफावत नाहीशी झाली तर दोष मागच्या पाट्यांत असतो. कायम राहिली तर तो पुढे असतो. हँडब्रेक मागच्या चाकांनाच अडवत असल्याने या चाचणीत त्याचा उपयोग होत नाही. म्हणून पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके लावणे आवश्यक असते.

५. अँटी-रोल बारची एक जोडणी सोडून पुन्हा मोजतात. वाकलेला बार एका कोपऱ्याला खाली व दुसऱ्याला वर ढकलू शकतो.

६. शेवटी गाडी भक्कम घोड्यांवर ठेवून स्प्रिंगचे वेढे, बैठका, आडवी तुळई व बाहूंचे सांधे तारेच्या ब्रशने साफ करून पाहतात. डांबरी लेपाखाली गंज लपलेला असतो, म्हणून पत्रा टोकदार अवजाराने टोचून पाहिला जातो.

दोन्ही बाजू सारख्याच खाली असतील तर बहुधा स्प्रिंगा दबलेल्या असतात. एकच बाजू बरीच खाली असेल तर तुटलेला वेढा, खचलेली बैठक किंवा विजोड स्प्रिंग यांचा शोध प्रथम घेतला जातो. भारतात चालक उजवीकडे बसतो. त्यामुळे बहुतांश काळ एकट्याने चालवलेल्या गाडीची उजवी बाजू किंचित अधिक बसलेली असू शकते.

दुरुस्ती

दबलेली स्प्रिंग सुटी काढताना तिच्यात साठलेली ऊर्जा हा मुख्य धोका असतो. उदाहरणार्थ, ४,४०० न्यूटन भाराखाली १२० मिमी दबलेल्या स्प्रिंगमध्ये सुमारे २६४ जूल ऊर्जा असते. ती २७ किलोग्रॅम वजन १ मीटर उंचीवरून पडण्याइतकी आहे. म्हणून स्प्रिंग दाबून धरणाऱ्या योग्य साधनाशिवाय बाहूचे बोल्ट सोडत नाहीत. अनेक रचनांत चाकाची खालची मर्यादा शॉकअब्सॉर्बर ठरवत असल्याने, बाहूला जॅकचा आधार दिल्याशिवाय तोही काढत नाहीत.

काढलेल्या दोन्ही स्प्रिंगांची मुक्त लांबी, तारेची जाडी आणि ठरावीक भाराखालील उंची मोजून तुलना केली जाते. स्प्रिंगा नेहमी जोडीने बदलतात. मूळ सुटा भाग न मिळाल्यास नमुन्यावरून नवी स्प्रिंग वळवून घेता येते. मात्र नमुना म्हणून दबलेली स्प्रिंग दिली तर नवीही तितक्याच लांबीची बनते. त्यामुळे मूळ मापे देणे आवश्यक असते. स्प्रिंग-पोलाद वळवल्यानंतर तापवून तेलात विझवतात आणि पुन्हा ठरावीक तापमानाला तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतात. त्यानंतर स्प्रिंग काही वेळा पूर्ण दाबून सोडली जाते. सुरुवातीचा बसका कारखान्यातच निघून जावा, हा त्यामागचा हेतू असतो.

जुनी स्प्रिंग गॅसच्या ज्योतीने तापवून ताणण्याची पद्धत काही ठिकाणी वापरली जाते. तापलेल्या भागातील पोलादावरची उष्णता-प्रक्रिया त्यामुळे नष्ट होते. स्प्रिंग काही दिवसांत पुन्हा बसते किंवा तुटते. वेढ्यांमध्ये रबरी ठोकळे घालण्यानेही उंची वाढलेली दिसते, पण काही वेढे निष्क्रिय होऊन उरलेल्यांवर ताण वाढतो. बैठकीखाली पूर्ण गोल चकती घालणे हा तुलनेने सौम्य तात्पुरता उपाय आहे. तो स्प्रिंग निर्दोष असेल तरच योग्य ठरतो, आणि चकतीची जाडी ठरवताना गती-गुणोत्तर विचारात घ्यावे लागते.

रबरी बुश नवे घातल्यास त्यांचे बोल्ट चाक अधांतरी असताना शेवटपर्यंत आवळत नाहीत. तसे केल्यास गाडी जमिनीवर येताच रबर पिळले जाते. काही काळ गाडी उंच दिसते, मग रबर फाटते. गाडी चाकांवर उभी करून, तिच्या नेहमीच्या उंचीवर हे बोल्ट आवळले जातात. काम पूर्ण झाल्यावर काही दिवस गाडी चालवून उंची पुन्हा मोजतात. चाकांचे कोन व हेडलाइटचा झोत त्यानंतरच जुळवतात.

पालघर व बोईसर-तारापूर परिसर

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. तारापूर अरबी समुद्राच्या किनाऱ्यावर आहे, तर बोईसरलगतच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायने, कापड व पोलाद यांचे कारखाने आहेत. हवेतील क्षार आणि आम्लधर्मी वायू ओलाव्यासह पत्र्यावर साचले की गंजाचा वेग वाढतो. जून ते सप्टेंबरमधील मुसळधार पावसात चिखल स्प्रिंगच्या बैठकीत अडकतो व पाऊस थांबल्यावरही ओल धरून राहतो. पालघर-मनोर आणि बोईसर-चिल्हार हे रस्ते या भागाला राष्ट्रीय महामार्ग ४८ शी जोडतात. औद्योगिक वसाहतीची अवजड वाहतूक याच मार्गांवरून होते. अशा रस्त्यांवरील खड्ड्यांत बसलेल्या सस्पेन्शनचे अडसर वारंवार आदळतात. पावसाळ्यानंतर बैठका गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून गंजरोधक लेप देणे हा येथील गाड्यांसाठी सर्वांत स्वस्त प्रतिबंधक उपाय आहे.

कायदेशीर बाजू

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी तपासणीनंतर नूतनीकरण करावी लागते आणि त्यानंतर ती दर ५ वर्षांनी करावी लागते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनाच्या मूळ रचनेतील बदलांवर निर्बंध आहेत. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी व्हिंटेज वाहन म्हणून स्वतंत्र नोंदणीची तरतूद केली. त्यासाठी चासी, कवच किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धातील पद्मिनी आता या वयोगटात येत आहेत. त्यामुळे खचलेली बैठक कापून निराळी रचना जोडण्यापेक्षा मूळ मापाबरहुकूम दुरुस्ती करणे सुरक्षिततेच्या आणि गाडीच्या वारसामूल्याच्या दृष्टीने अधिक योग्य ठरते.