माशांची साक्ष आणि वाळूचा दगड

रामटेकच्या टेकडीकडे आपण आजवर दोन दृष्टींनी पाहात आलो आहोत. एक दृष्टी भाविकाची. त्याला तेथे रामचंद्राचे मंदिर दिसते, अंबाळ्याचे तीर्थ दिसते, कार्तिकी पौर्णिमेची यात्रा दिसते. दुसरी दृष्टी रसिकाची व इतिहासज्ञाची. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी कालिदासाचा रामगिरी तो हाच, असे साधार प्रतिपादन केल्यापासून मेघदूताच्या वाचकास या टेकडीवर यक्षाची विरहवेदना आठवल्यावाचून राहात नाही. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिचा रिद्धपूर येथील ताम्रपट रामगिरिस्वामींच्या चरणांपासून दिला गेला, हे इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊकच आहे. पंधराशे वर्षांचा हा इतिहास थोडा नव्हे. परंतु ज्या खडकावर ही देवळे उभी आहेत आणि ज्या दगडातून येथील मूर्ती घडल्या, त्यांचाही एक इतिहास आहे. तो वाचावयास एक तिसरीच दृष्टी लागते. त्या दृष्टीने पाहू लागल्यास पंधराशे वर्षे ही कालच्या सायंकाळसारखी भासू लागतात.

प्रथम टेकडीचेच पाहू. रामटेक, मनसर, देवलापार या पट्ट्यातील खडकांस भूस्तरशास्त्रज्ञ सॉसर समूह असे नाव देतात. मनसरच्या मँगनीजच्या खाणी याच समूहातल्या. यातील गारेसारखे कठीण थर हे मुळात समुद्रकाठची वा उथळ पाण्यातली वाळू होते. पुढे भूकवचात प्रचंड दाब व उष्णता यांच्या कचाट्यात सापडून ते थर वितळल्यासारखे होऊन पुन्हा घट्ट झाले, आणि सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी त्यांस घड्या पडल्या. एखादे पागोटे घाईने गुंडाळावे तसे हे थर एकमेकांवर चढलेले आहेत, हे डब्ल्यू. डी. वेस्ट या शास्त्रज्ञाने देवलापारच्या परिसरात हिंडून १९३६ साली दाखवून दिले. या खडकांत मासा शोधू जाणे व्यर्थ होय. एक तर पृथ्वीवर माशाचा अवतार झाला तो अवघ्या बावन्न कोटी वर्षांच्या सुमारास. आणि दुसरे असे, की असल्या भट्टीतून निघालेल्या दगडात नाजूक अवशेष टिकावयाचे कोठून?

परंतु टेकडीवरून उतरून नैर्ऋत्येस कामठीच्या रोखाने चालू लागावे, म्हणजे भूमीचा स्वभाव पालटतो. कन्हानच्या परिसरात, कामठी व सिल्लेवाडा या गावांच्या आसपास, पिवळसर, गुलाबी व तांबड्या छटांचा वाळूचा दगड लागतो. हा दगड कधी भाजला गेला नाही, की त्यास फारशा घड्या पडल्या नाहीत. नदीने वाहून आणलेली वाळू जशी तिरप्या थरांनी साचत जाते, तशाच तिरप्या रेघा आजही त्याच्या कडेस स्पष्ट दिसतात. त्याचा तांबडा रंग लोहाचा आहे. वाळूच्या कणांवरील लोह हवेने व पाण्याने गंजले, तोच गंज दगडाचा वर्ण होऊन राहिला. रामटेकवरील वाकाटककालीन नरसिंहाची विशाल मूर्तीही तांबूस वाळूच्या दगडाचीच आहे. शिल्पकारास हा दगड का आवडावा हे उघड आहे. तो छिन्नीस वश होतो, आणि तरीही शतकानुशतके ऊनपाऊस सोसतो.

या कामठीच्या दगडास वाचा फोडण्याचे श्रेय एका परक्या मनुष्याकडे जाते. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या बेरिकशायर परगण्यात १८१७ साली जन्मले, आणि फ्री चर्चचे मिशनरी म्हणून १८४५ साली नागपुरास आले. त्या वेळी नागपुरावर भोसल्यांचे राज्य होते. ज्या परगण्यात हिस्लॉप वाढले, त्याच परगण्याच्या किनाऱ्यावर सिकार पॉइंट नावाचा कडा आहे. उभ्या ठाकलेल्या जुन्या थरांवर आडवा तांबडा वाळूचा दगड निजलेला १७८८ साली तेथे पाहून जेम्स हटन यास काळाच्या अमर्यादपणाच्या आपल्या सिद्धांताचा पुरावा मिळाला होता. त्याच तांबड्या दगडात स्कॉटलंडच्या उत्तरेस क्रोमार्टी येथे ह्यू मिलर नावाच्या पाथरवटास चिलखती कवचाचे विलक्षण मासे सापडले, आणि १८४१ साली त्याने त्यांवर लिहिलेला ग्रंथ घरोघर वाचला गेला. हे मासे सुमारे एकोणचाळीस कोटी वर्षांपूर्वीचे. हातोडा घेऊन दगड फोडणे व त्यात सृष्टिकर्त्याची लीला पाहणे, हा त्या पिढीतील स्कॉच धर्मोपदेशकांचा आवडता छंदच होऊन बसला होता. तो छंद हिस्लॉप यांनी सातासमुद्रांपलीकडे नागपुरास आणला.

धर्मप्रचार, शाळा आणि गोंडांच्या भाषेचा अभ्यास यांतून सवड काढून हिस्लॉप व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी नागपूरच्या परिसराचा कोपरान् कोपरा धुंडाळला. त्यांचा या विषयावरील विस्तृत निबंध १८५५ साली लंडनच्या भूस्तरशास्त्र मंडळाच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाला. कामठी व सिल्लेवाडा येथील दगडाच्या बारीक, चिकणमातीसारख्या पदरांत त्यांस पानांचे ठसे विपुल मिळाले. जिभेच्या आकाराचे, मधोमध शीर व तिच्या दोहो बाजूंस जाळीदार रेषा असलेले हे पान ग्लॉसॉप्टेरिस या वनस्पतीचे. हिस्लॉप यांनी पाठविलेल्या वनस्पतींचे वर्णन चार्ल्स बनबरी यांनी १८६१ साली केले.

पाने मिळाली, पण मासे मात्र या दगडात मिळेनात. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मासा मेला की तो कुजतो, त्याचे काटे विखुरतात. तो अखंड उरावयाचा तर शांत, खोल, प्राणवायुहीन तळाशी त्यावर बारीक गाळाची चादर लवकर पडावी लागते. धावत्या नदीच्या जाड वाळूत हे घडत नाही; तेथे वाळूच्या रेट्याने हाडांचे पीठ होते, आणि उघड्या लोहमय गाळात जे उरते तेही झिजून जाते. म्हणून माशाचा शोध घेणाऱ्याने नदी सोडून सरोवर गाठावे लागते.

ते सरोवर दक्षिणेस सापडले. सिरोंच्यानजीक प्राणहितेच्या काठी कोटा नावाचे गाव आहे. तेथील चुनखडीच्या पातळ फरश्यांत डॉक्टर वॉकर व डॉक्टर बेल यांस मासे मिळाले. बेल यांनी तर कोळशाच्या शोधार्थ तेथे भोकेही घेवविली. कोळसा हाती लागला नाही, मासे मात्र अमोल निघाले. सर फिलिप एगर्टन यांनी १८५१ साली त्यांतील एकास लेपिडोटस डेक्कनेन्सिस असे नाव दिले. या माशाच्या अंगावर आजच्या रोहू-कटल्यासारखे पातळ खवले नव्हते. समभुज चौकटीसारखे जाड, चकचकीत, मिन्याचा मुलामा दिलेले खवले फरसबंदीप्रमाणे एकास एक लागून बसविलेले होते. म्हणूनच ते टिकले. युरोपातील त्याचे भाईबंद जुरासिक काळातल्या थरांत सापडत असल्यामुळे कोट्याची चुनखडीही त्याच काळाची, हा निर्णय सहज झाला आणि तो आजही मान्य आहे.

येथून खरा पेच पडला. कोट्याचे मासे जुरासिक. कामठीचा वाळूचा दगड व त्याच्या बरोबरीचे कोळशाचे थर हेही त्याच मालिकेतले. मग तेही जुरासिकच असले पाहिजेत, असा निष्कर्ष हिस्लॉप यांनी काढला. तर्क वरवर निर्दोष होता. ऑस्ट्रेलियातही ग्लॉसॉप्टेरिसच्या कोळशावरून असेच रण माजले होते. तेथे मेलबोर्नचे प्राध्यापक मॅकॉय हे त्यास जुरासिक म्हणत, तर क्लार्क नावाचे एक धर्मोपदेशक त्यास फार जुना म्हणत. हा वाद केवळ पंडितांचा नव्हता. कोणत्या थराखाली कोळसा असावयाचा आणि कोणत्या थरात भोक घेणे म्हणजे पैसा मातीत घालणे, हे त्यावर अवलंबून होते.

निवाडा लागला तो थर पायी मोजल्यामुळे. १८७७ साली ह्यूज यांनी वर्धेच्या खोऱ्याचे, आणि १८८१ साली किंग यांनी प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. कामठीचा दगड तळाकडे, त्यावर इतर थर, आणि कोट्याची चुनखडी पुष्कळ वर, असा क्रम सिद्ध झाला. कामठीचा दगड सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचा. कोट्याचे मासे त्यानंतर सहा-सात कोटी वर्षांनी पोहले. मासा खोटे बोलला नव्हता. तो आपल्या थरापुरते खरे बोलला होता. त्याची साक्ष दुसऱ्या थराच्या खटल्यात लावली, तेथे घोटाळा झाला. इतिहासाच्या अभ्यासकानेही हे ध्यानात ठेवावे असे आम्हांस वाटते. एका बखरीतील वाक्य शंभर वर्षे मागल्या प्रसंगास लावून मोकळे होणारे आपल्यातही थोडे नाहीत.

याच परिसरातील आणखी दोन साक्षीदारांचा उल्लेख केला पाहिजे. नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथील दगडात एका उभयचर प्राण्याची रुंद, चपटी कवटी मिळाली; तिला रिचर्ड ओवेन यांनी १८५५ साली ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असे नाव दिले. माशाच्या कुळातून बाहेर पडून भूमीवर पाय ठेवणाऱ्या घराण्यातला हा जीव. दुसरा साक्षीदार फार अलीकडचा. चांद्याकडे वरोऱ्याच्या परिसरात डोंगरगाव येथे लामेटा थरांत जे मासे मिळाले, त्यांचे वर्णन आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९०८ साली केले. त्यांत लेपिडॉस्टियस जातीचा मासा आहे. याचे वंशज आज उत्तर अमेरिकेच्या नद्यांत लांब चोच घेऊन पोहत आहेत. त्याच्या सोबतीस पिक्नोडस हा मासा आहे, आणि त्याची जात बहुतांशी समुद्रातली. चांद्याच्या गाळात समुद्राचा पाहुणा कसा आला, हा प्रश्न अभ्यासकांस दीर्घकाळ विचार करावयास लावीत आला आहे. हे थर घडले तेव्हा जवळच पिसदुऱ्यास महाकाय सरट वावरत होते. आणि त्यानंतर थोड्याच काळात, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनच्या काळ्या लाव्हाने हे सारे झाकून टाकले. सीताबर्डीची टेकडी त्याच लाव्हाची.

या साऱ्या मालिकेस मेडलिकॉट यांनी १८७२ साली गोंडवन असे नाव दिले. पुढे एडुआर्ट झ्यूस यांनी हिंदुस्थान, आफ्रिका इत्यादी खंडे एके काळी जोडलेली होती असे मानून त्या महाखंडास गोंडवनभूमी म्हटले. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट व त्यांचे सोबती प्राणावर बेतले असताही सुमारे सोळा किलो दगड ओढीत होते. त्यांत सापडले ते ग्लॉसॉप्टेरिसचेच ठसे, सिल्लेवाड्याच्या पानाचे सगोत्र. ज्या गोंडांस आपल्या समाजाने रानवट म्हणून दूर ठेवले, त्यांचे नाव आज जगातील प्रत्येक भूस्तरशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आहे, हा काळाचा न्यायच म्हणावयाचा.

हिस्लॉप यांस हा शेवट पाहावयास मिळाला नाही. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना बोरीनजीक एका नाल्यास आलेल्या पुरात ते बुडाले. ज्या वाहत्या पाण्याच्या करणीचा त्यांनी जन्मभर अभ्यास केला, त्यानेच त्यांस नेले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ साली निघाले. पण त्यांनी वेचलेले दगड लंडनला गेले, आणि आपल्या मुलांस कामठीचे पान चित्रातच पाहावे लागते.

यात दोष केवळ परक्यांचा आहे असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी दगड नेले खरे, पण ते वेचावयास वाकले तेही तेच. पुढे आपल्या लोकांनीही हे काम हाती घेतले. कोट्याच्या थरांतून १९६१ साली निघालेल्या महाकाय सरटास कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीची आठवण म्हणून बारापासॉरस टागोराय असे नाव दिले. सिरोंच्याजवळ वडधम येथे जीवाश्म उद्यान आहे. हे समाधानाचे आहे, पण पुरेसे नाही. वाळूच्या दगडाची खाण बुजली, कोळशाच्या खाणीचा ढिगारा तिच्यावर पडला, की त्या पानांची पोथी कायमची मिटते. आणि या पोथीची दुसरी प्रत कोठेही नसते. शिलालेखावर कोणी घाव घातला तर आपण हळहळतो. पंचवीस कोटी वर्षांचा लेख रोज खडी म्हणून फुटत असता निदान एका शाळामास्तराने आपल्या मुलांस घेऊन खाणीच्या काठी जावे, दोन ठसे उचलून शाळेच्या कपाटात ठेवावेत, आणि ते कोणत्या थरातून उचलले एवढे मात्र न विसरता लिहून ठेवावे. थराची नोंद नसलेला ठसा पुन्हा हिस्लॉप यांच्यासारख्या चतुर माणसासही चकवील.

रामटेकची यात्रा करणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांनी देवदर्शन व मेघदूताचे स्मरण झाल्यावर घटकाभर पायाखालच्या खडकाकडेही पाहावे, एवढेच आमचे सांगणे आहे. टेकडीच्या दगडाने मासा जन्मण्यापूर्वीचे जग पाहिले, कामठीच्या दगडाने ध्रुवापर्यंत पसरलेले अरण्य पाहिले, आणि कोटा व डोंगरगाव येथील गाळाने सरोवरे भरताना व आटताना पाहिली. यक्षाने मेघास वाट सांगितली ती याच भूमीवरून. तिच्या पोटात कोणकोणत्या नद्या निजल्या आहेत, हे त्यास ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आपणांस ते ठाऊक करून घेण्याची सोय आहे.