घाट, नांगर, सुकाणू: नाव आणि घर यांचे नाते

जुन्या शिडाच्या नावेची डागडुजी आणि डोंगरावर घराचे बांधकाम, ही दोन कामे कोणी एकदम काढली तर शेजारीपाजारी विचारतील, 'एवढा घाट कशाला घातलास?' एक काम खाडीच्या चिखलातले, दुसरे सड्यावरच्या वाऱ्यातले. शब्दांचे मूळ शोधत गेले की मात्र या दोन्ही कामांची भाऊबंदकी ठायी ठायी दिसते.

आधी 'घाट'च पाहू. संस्कृतात 'घट्ट' म्हणजे पाण्यात उतरायची जागा, पायऱ्यांचा काठ. वाईचे, पैठणचे, पंढरपूरचे घाट याच अर्थाचे. नाव जिथे लागते तो घाट. हाच शब्द मराठीत डोंगर चढला आणि बोरघाट, आंबाघाट, नाणेघाट झाला. दोन पातळ्यांमध्ये चढण्या-उतरण्याची वाट हा अर्थ दोन्हीकडे आहे. सोपारा-कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल नाणेघाटातून जुन्नरला चढत असे, म्हणजे तो एका घाटावरून दुसऱ्या घाटात जाई. सह्याद्रीच्या सबंध रांगेला आज जग 'पश्चिम घाट' म्हणते, ते या पाणवठ्याच्या शब्दाने. 'घाट घालणे' मधला घाट निराळा. तो 'घडणे' च्या कुळातला. घाट म्हणजे घडण, आकार. म्हणून सुबक वस्तू घाटदार.

'डागडुजी' चे मूळ फारसी आहे. 'दाग' म्हणजे डाग आणि 'दोजी' म्हणजे शिवण, जरदोजीत आहे तीच. फाटल्या जागी ठिगळ लावून शिवणे हा मूळ अर्थ. आज आपण कौलांची, भिंतींची डागडुजी करतो तेव्हा त्यात शिवण कुठेच नसते. नावेच्या बाबतीत मात्र हा शब्द अक्षरशः खरा होता. अरबी समुद्रातली जुनी गलबते खिळ्यांनी नव्हे, काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून बांधत. त्या पद्धतीचे 'कौंडिण्य' हे जहाज अलीकडे गोव्यात बांधले गेले आणि २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झाले. त्याचा आराखडा अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून घेतला आहे. समुद्रापासून दूर, डोंगराच्या पोटात कोणी चित्रकाराने जहाज रंगवून ठेवले, म्हणून ते आज पुन्हा पाण्यावर आले.

ज्या कोरीव वास्तूत ते चित्र आहे, तिचे नावही घराचेच आहे. 'लेणे' हा शब्द 'लयन' वरून आला. लयन म्हणजे विसाव्याची, आसऱ्याची जागा. कार्ल्याच्या चैत्यातल्या शिलालेखात तर सरळ 'सेलघर' असा शब्द आहे. सेलघर म्हणजे शैलगृह, डोंगरातले घर. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने ते पुरे केले आणि जंबुद्वीपात उत्तम म्हणून त्याची नोंद केली. दुसऱ्या लेखात सामी नावाच्या 'वढकी' चा उल्लेख आहे. वढकी म्हणजे सुतार. हिंदीतला बढई त्याचाच वंशज. या सामीने तिथला 'घरमुख', म्हणजे दरवाजा केला. आपण रोज उच्चारतो तो 'घर' शब्द सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी मावळातल्या कातळावर असा उमटलेला आहे, आणि त्याच्या शेजारी सुताराचे नाव आहे. चैत्याच्या छतालाही लाकडी फासळ्या लावलेल्या आहेत. कातळाच्या छताला त्यांच्या आधाराची गरज नाही. पण कोरणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे लाकडी घर होते, म्हणून दगडातही त्यांनी लाकूडकाम केले. त्या कमानदार फासळ्यांखाली उभे राहून वर पाहावे, पालथ्या घातलेल्या गलबताच्या पोटात उभे असल्यासारखे वाटते.

हे साम्य हातांमुळे आले. 'सुतार' म्हणजे सूत्रधार, सूत धरून रेघ मारणारा. ते सूत घराच्या तुळईवरही धरतात आणि नावेच्या फळीवरही. 'मेस्त्री' पोर्तुगीज 'मेस्त्र' वरून आला, म्हणजे उस्ताद. घराचा वासा 'वंश' वरून आला, आणि वंश म्हणजे मुळात बांबू. साग म्हणजे संस्कृत 'शाक'. इंग्रजांनी मात्र त्याचे नाव मल्याळी 'तेक्कु' वरून, पोर्तुगीजांकरवी, उचलले. सागात तेल असते, तो सहसा वाकत नाही, वाळवीला दाद देत नाही आणि त्यात ठोकलेले लोखंड ओकच्या लाकडात गंजते तसे गंजत नाही. म्हणून वाड्याचे खांब आणि गलबताची फळी यांना तोच लागे. मुंबईच्या गोदीत जहाजे बांधणाऱ्या वाडियांनी मलबारी सागाची 'ट्रिंकोमली' ही युद्धनौका बांधली, ती १८१७ साली पाण्यात उतरली. इंग्लंडात हार्टलपूल इथे तिची डागडुजी २००१ मध्ये पुरी झाली आणि ती आजही तरंगते आहे.

आता नांगर. शेत नांगरतो तोही नांगर, गलबत थांबवतो तोही नांगर. पहिला वैदिक 'लांगल' वरून आला. निंबाचा लिंब आणि नवनीताचे लोणी होते, तशीच इथे ल-न ची अदलाबदल झाली. दुसरा फारसी 'लंगर'. दोन वेगळ्या वाटांनी आलेले शब्द मराठीत येऊन एकरूप झाले, कारण दोघांचे फाळ जमिनीतच रुततात. शेतकरी आणि खलाशी एकाच वाडीत, पुष्कळदा एकाच घरात राहत असल्यावर हे व्हायचेच.

सर्वांत लोभस गोष्ट 'सुकाणू' ची. अरबी 'सुक्कान' वरून तो आला. जुने अरबी कोशकार तो 'स-क-न' या धातूशी जोडतात. या धातूचा अर्थ स्थिर होणे, वस्ती करणे. नाव ज्याने डगमगायची थांबते ते सुकाणू, अशी त्यांची उपपत्ती. आधुनिक अभ्यासक हा शब्द अरबीत अरामी भाषेतून आल्याचे सांगतात, आणि मला ते मत अधिक पटते. तरी जुन्यांना नावेच्या सुकाणूत वस्तीचा अर्थ दिसावा, हेही मोलाचेच आहे. त्याच धातूचे 'सुकून' म्हणजे शांतता आणि 'साकिन' म्हणजे रहिवासी. आपल्या जुन्या दस्तऐवजांत नावापुढे 'साकिन मौजे अमुक' असे लिहीत. आपण आज 'राहणार' लिहितो.

कोकणात आता फायबरच्या होड्या वाढल्या आहेत आणि डोंगरावरची घरे सिमेंटची होत आहेत. लाकडी नाव बांधणाऱ्या मेस्त्रीच्या तोंडी प्रत्येक फळीला, प्रत्येक सांध्याला वेगळे नाव असते, आणि त्यांतली कित्येक कोणत्याही कोशात नाहीत. मोल्सवर्थने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश छापला, तोही लोकांच्या तोंडचे शब्द टिपूनच. तुमच्या गावात जुनी होडी दुरुस्तीला काढली असेल किंवा आजोबांचे कौलारू घर उतरवायला घेतले असेल, तर काम करणाऱ्या मेस्त्रींजवळ वही घेऊन बसा. प्रत्येक भागाचे नाव विचारा आणि ते म्हणतात तसेच लिहून घ्या. लाकूड पुन्हा मिळेल. ते शब्द त्यांच्याबरोबर गेले तर मिळणार नाहीत.