नडगीचा उतार, पण कुठल्या रेघेपासून?

नाशिकमध्ये एक्स-रे काढण्यात माझी सगळी नोकरी गेली. कबड्डी खेळणारी, पोलीस भरतीसाठी पळणारी पोरं ‘गुडघा सटकतो’ म्हणत यायची. डॉक्टर ओली फिल्म उजेडाला धरून फ्रॅक्चर बघत, सांध्यातली फट बघत. नडगीच्या माथ्याचा उतार किती, हे तेव्हा मला कुणी विचारलं नाही. आता गुडघ्यातल्या लिगामेंटचं ऑपरेशन करणारे सर्जन तो आकडा आवर्जून मागतात.

नडगीचा माथा सपाट नसतो, पुढून मागे थोडा उतरता असतो. हा उतार पहिल्यांदा गाजला तो मेलेल्यांच्या हाडांवरून. १८८६ मध्ये बेल्जियममधल्या स्पी इथं निअँडरथल माणसांचे सांगाडे सापडले. नडगीचा मागे कललेला माथा पाहून ज्युलियन फ्रेपाँ यांनी ठरवलं, की हा माणूस गुडघे वाकवूनच चालत असणार. पॅरिसच्या मानुव्रिए यांनी ते खोडून काढलं. माथा कलला तरी पाय ताठ होतो, असं त्यांचं म्हणणं. लाहोरला शरीरशास्त्र शिकवणाऱ्या हॅवलॉक चार्ल्स यांनी १८९३ मध्ये पंजाबी लोकांच्या पायांच्या हाडांवर उकिडवं बसण्याच्या खुणा दाखवल्या; नडगीचा कललेला माथा ही त्यातलीच एक. कांद्याच्या खळ्यावर दिवसभर उकिडव्या बसणाऱ्या लासलगावच्या बाया पाहिलेल्याला त्याचं नवल वाटायचं नाही.

१८९५ मध्ये राँटगेन यांच्या किरणांनी जिवंत माणसाचं हाड दिसू लागलं. तरी या उताराचं नेमकं माप गाजायला १९७४ उजाडलं. मूर आणि हार्वे यांना नडगीच्या माथ्याचं हाड मोडून किती खचलंय ते मोजायचं होतं. नडगीची पुढची धार आधार धरून त्यांनी उतार मोजला, तो सरासरी १४ अंश भरला. तेवढा किरण कलवला की खचलेला भाग नीट दिसतो, हे त्यांनी दाखवलं. पुढे १९९४ मध्ये फ्रान्सच्या देजूर आणि बोनँ यांनी उताराचा संबंध नडगीला पुढे सरकू न देणाऱ्या लिगामेंटशी जोडला. एका पायावर उभं असताना, उतार १० अंशांनी जास्त असला की नडगी ६ मिलिमीटर जास्त पुढे सरकते, असं त्यांना आढळलं.

खरी मेख रेघेत आहे. पुढच्या धारेवरून मोजलं तर आकडा मोठा येतो, मागच्या कडेवरून लहान, हाडाच्या मध्यरेषेवरून मधला. गुडघा एकच, आकडे तीन. त्यात फिल्म तिरकी आली तर सगळंच फसतं. मांडीच्या हाडाचे दोन्ही गोळे एकावर एक दिसले नाहीत, तर मी प्लेट पुन्हा घ्यायचो. एमआरआयमध्ये आतल्या आणि बाहेरच्या बाजूचा उतार वेगवेगळा मोजता येतो, पण तिथं नडगीचा वरचा तुकडाच दिसतो. मग हाडाचा अक्ष, म्हणजे ती मध्यरेषा, कशी काढायची? २००९ मध्ये हुडेक आणि सहकाऱ्यांनी त्या तुकड्यातच वर्तुळं आखून अक्ष काढण्याची रीत दिली.

मध्यरेषेवरून मोजलेला उतार १२ अंशांच्या पुढे गेला, की बरेच सर्जन सावध होतात. म्हणून शिकाऊ मुलांना माझं एकच सांगणं असतं: रिपोर्टमध्ये अंश लिहिलेत, तर कुठल्या रेघेपासून मोजलेत तेही लिहा. नाहीतर दोन ठिकाणचे रिपोर्ट शेजारी ठेवून कुणीतरी पेशंटला ‘तुमचा उतार वाढलाय’ असं सांगून मोकळं होईल.