शरणपूरची आफ्रिकन मुले

जगातील निरनिराळ्या लोकसमूहांची ओळख लहान मुलांना करून द्यायची म्हटली, की शाळेच्या भिंतीवर चित्रांचा तक्ता लागतो. बर्फाच्या घरातील माणूस, भाला घेतलेला आफ्रिकन, किमोनो नेसलेली जपानी स्त्री. मुले नावे पाठ करतात आणि दूरचे लोक चमत्कारिक असतात, एवढाच बोध घेतात. सिन्नरच्या मुलांना हा पाठ द्यायचा तर तीसेक किलोमीटरवरील नाशिकचा इतिहास अधिक उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते.

चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन संस्थेने १८५४ च्या सुमारास नाशिकजवळ शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत उभारली. गुलामांची ने-आण करणाऱ्या गलबतांवरून ब्रिटिश आरमाराने सोडविलेली आफ्रिकन मुले मुंबईस उतरविली जात. त्यांतील काही शरणपुरास आली. रेव्हरंड विल्यम प्राइस यांच्या देखरेखीखाली ती लिहावाचावयास शिकली. सुतारकाम, लोहारकाम शिकली. त्यांना जीवदान लाभले, शिक्षण लाभले. परंतु आईबाप, गाव आणि अनेकांचे जन्मनावही मागे राहिले. या दोन्ही गोष्टी मुलांना सांगितल्या पाहिजेत.

१८६६ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी आपल्या अखेरच्या आफ्रिका प्रवासासाठी येथील नऊ तरुण सोबत घेतले. याओ जमातीचा जेकब वेनराइट हा शरणपूरचा आणखी एक विद्यार्थी त्यांना १८७२ मध्ये जाऊन मिळाला. मे १८७३ च्या आरंभी, आजच्या झांबियातील चितांबो गावी लिव्हिंग्स्टन निवर्तले. त्यांचे हृदय तेथेच एका वृक्षाखाली पुरण्यात आले, त्या वेळी प्रार्थना वाचली जेकबने. देह घेऊन सोबती कित्येक महिने चालत समुद्रकाठी पोहोचले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीच्या मानकऱ्यांमध्ये जेकब होता.

पुढे १८७५ मध्ये मोंबासाजवळ फ्रीअरटाउन ही मुक्त गुलामांची वसाहत स्थापन झाली, तेव्हा शरणपूरचे कित्येक जण तेथे गेले. नाशकात ज्यांना सारे आफ्रिकन म्हणत, त्यांना आफ्रिकेत नाव पडले 'बॉम्बे आफ्रिकन'. परका कोण, हे बोलणारा कोठे उभा आहे यावर ठरते. सात वर्षांच्या मुलालाही हे समजते.

कोल्हापूरजवळील वळिवड्याची हकीकतही अशीच सांगण्याजोगी आहे. तेथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. ते आपल्याच कॅथोलिक श्रद्धेचे, पण त्यांची भाषा, जेवण, गाणी निराळी. म्हणजे एक श्रद्धा असूनही माणसे भिन्न असू शकतात. पेन्टेकॉस्टच्या दिवशीही पवित्र आत्म्याने सर्वांना एका भाषेत आणले नाही. प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आले.

आज सिन्नरच्या माळेगाव व मुसळगाव औद्योगिक वसाहतींत परप्रांतांतून कुटुंबे येतात. त्यांची मुले आपल्या मुलांशेजारी बसतात आणि त्यांच्या मराठीला कधी कधी हसू येते. पालकांनी व धर्मशिक्षण देणाऱ्यांनी अशा वेळी जेकबची गोष्ट सांगावी, आणि मग मुलांना एवढेच विचारावे: तुझ्या शेजारच्या मुलाला त्याची आई घरी कोणत्या नावाने हाक मारते? उत्तर ठाऊक नसेल, तर त्याने उद्या ते विचारून यावे.