पात्यावरील प्राणी आणि त्यांची ओळख

विद्यार्थ्यांची सहल घेऊन आम्ही धारवाडहून लक्कुंडीस जातो, तेव्हा काशीविश्वेश्वराच्या भिंतीपाशी एक प्रश्न हटकून येतो: ‘सर, हा प्राणी कोणता?’ कोणी म्हणतो सुसर, कोणी हत्ती, कोणी मासा. तिघांचेही थोडथोडे बरोबर असते. कारण मकराचा जबडा सुसरीचा, सोंड हत्तीची, आणि शेपूट मात्र वेलबुट्टीत विरून गेलेले असते. मी त्यांना एवढेच सांगतो, की नाव मागाहून सांगा, आधी अवयव सांगा. हा साधा नियम शस्त्रांवरील प्राण्यांच्या बाबतीत किती मोलाचा ठरतो, ते दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मंदिर जागचे हलत नाही. एखादी आकृती ओळखता आली नाही, तरी शेजारची शिल्पे, शिलालेख, गावाची परंपरा यांची साक्ष काढता येते. शस्त्र मात्र हातोहात फिरते. ते लुटीत जाते, नजराण्यात जाते, समुद्रापार जाते. अशा वेळी पात्यावर कोरलेला प्राणी हाच पुष्कळदा त्याचा एकमेव साक्षीदार उरतो.

जावा बेटातील केरिस या कट्यारीचे उदाहरण पाहावे. तिचे पाते कधी सरळ, कधी नागमोडी असते आणि वळणांची संख्या नेहमी विषम असते. मुठीलगत पात्याचा एक भाग जाड ठेवतात. त्यास ‘गंडिक’ म्हणतात. प्राण्याचे मुख बहुधा तेथेच कोरलेले असते. मुकुटधारी नाग आणि सिंहासारखा ‘सिंगा बारोंग’ हे त्यांतले प्रसिद्ध प्राणी होत. नाग, सिंग, गज हे शब्द कानी पडताच आपल्याला घरच्यासारखे वाटते, आणि फसगतीचे मूळ नेमके तेथेच आहे. ‘नागसास्र’ या नावात आपला ‘सहस्र’ लपला आहे. परंतु त्या पात्यावर हजार नाग शोधू गेल्यास निराशा होईल. तेथे पात्याच्या वळणांबरोबर सरकत गेलेला खवल्यांचा एकच नाग असतो. काही केरिसांच्या मुळाशी हत्ती व सिंह यांच्या सोन्याच्या लहान आकृती असतात. आपल्याकडील वाचक लगेच म्हणेल, हा हत्तीवर मात करणारा गजकेसरी. जावाची परंपरा निराळे सांगते: पाती येथील बंड मोडणाऱ्या योद्ध्यांना माताराम राज्याच्या सुलतान आगुंगने (राज्यकाल १६१३ ते १६४५) दिलेले ते मानचिन्ह होय. शब्द आपले असले, तरी अर्थ त्यांचा आहे.

या ओळखीवर किती अवलंबून असू शकते, हे २०२० मध्ये जगाने पाहिले. डचांविरुद्ध १८२५ ते १८३० असा पाच वर्षे लढा देणारा राजपुत्र दिपोनेगोरो वाटाघाटीसाठी आला असता २८ मार्च १८३० रोजी पकडला गेला. त्याची केरिस हॉलंडच्या राजाकडे पोचली आणि पुढे संग्रहालयांच्या वस्तूंत मिसळून गेली. ती शोधताना जुन्या पत्रव्यवहाराबरोबर जावाचा चित्रकार राडेन सालेह याचे टिपण उपयोगी पडले. त्याने केरिसचे नाव ‘नाग सिलुमान’ असे नोंदवून तिचे वर्णन केले होते. मार्च २०२० मध्ये हॉलंडच्या राजाने ती इंडोनेशियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या हाती दिली. परंतु लगेच शंका निघाली. ‘सिलुमान’ म्हणजे अदृश्य होणारा. त्या घाटात नागाचे मुख तेवढे दिसावे आणि धड पात्यात लोपावे, अशी जाणकारांची धारणा. या पात्यावर तर नागाचे सबंध अंग दिसते! यावर उत्तर असे, की ‘नाग सिलुमान’ हे त्या घाटाचे नव्हे, तर त्या एका शस्त्राचे विशेषनाम आहे. वाद कोणत्याही बाजूने पाहिला, तरी एका राष्ट्राच्या वीराची स्मृती नागाच्या धडावर येऊन ठेपली होती, हे खरे.

आपल्याकडे याच्या उलट प्रकार आहे. १९ जुलै २०२४ रोजी साताऱ्याच्या संग्रहालयात लंडनहून उसनी आणलेली वाघनखे लोकांना पाहण्यास ठेवली गेली. ग्रँट डफशी त्यांचा संबंध जोडला जातो तो पेटीवरील लेखामुळे. शिवछत्रपतींनी वापरलेली ती हीच, असा पुरावा नसल्याचे लंडनचे संग्रहालय स्वतःच सांगते. तेथे पेटी बोलते, शस्त्र मुके आहे.

तंजावरची गोष्ट तिसरीच. व्यंकोजीराजांनी १६७५-७६ च्या सुमारास तेथे राज्य स्थापिले, तेव्हा नायकांचा वारसाही भोसल्यांकडे आला. १८५५ मध्ये तेथील शिवाजीराजे वारसाविना निवर्तले, कंपनीने राज्य खालसा केले आणि शस्त्रागार विस्कटले. त्यातील काही शस्त्रे मद्रासच्या सरकारी संग्रहालयात गेली, काही परदेशी पोचली. दक्षिणेच्या या कट्यारींना हाताच्या रक्षणासाठी शिडासारखे वळविलेले पत्र्याचे आवरण असते, त्याच्या टोकास व्याल किंवा नाग असतो. पाते कित्येकदा फिरंगी असते. म्हणजे पोलाद युरोपचे, व्याल दक्षिणी मंदिराचा आणि शेवटचा धनी मराठा! अशा शस्त्राला नुसते ‘मराठी कट्यार’ म्हणणे जितके अपुरे, तितकेच त्यावरील व्यालास ‘सिंह’ म्हणणेही अपुरे. त्या व्यालाची सोंड, नखे, आयाळ नीट टिपली, तर ते शस्त्र कोणत्या शिल्पपरंपरेतून आले, याचा माग लागू शकतो. ‘सिंह’ एवढेच लिहिले, तर तो माग तेथेच बुजतो.

शस्त्राच्या यादीत लिहिलेले चुकीचे नाव पुढच्या प्रत्येक यादीत उतरत जाते. म्हणून ज्यांच्या गावी, वाड्यात वा देवघरात जुनी शस्त्रे आहेत, त्या शिक्षकांनी व सभासदांनी एवढे करावे: प्राण्याचे चित्र काढावे, अवयव क्रमाने लिहावेत, घरात चालत आलेले नाव जसेच्या तसे नोंदवावे, आणि आपले अनुमान त्याखाली वेगळे लिहावे. लक्कुंडीच्या भिंतीपाशी दहा वर्षांच्या मुलास जे जमते, ते आपणांस अवघड वाटू नये.