रजोनिवृत्ती, मनःस्वास्थ्य आणि संप्रेरक उपचार : गिरगाव ते परळ परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मराठी समाजाने स्त्रीदेहातील बहुतेक स्थित्यंतरांना विधीची चौकट दिली होती. न्हाण आले की मुलीला मखरात बसवीत. गर्भारपणी डोहाळजेवण होई, बाळंतपणानंतर पाचवी आणि बारसे होई. पाळी कायमची थांबण्याच्या घटनेला मात्र असा स्वतंत्र सोहळा नव्हता. तिची नोंद घेतली जाई ती आडवळणाने, ऋषिपंचमीच्या व्रताच्या उद्यापनातून. विटाळाच्या दिवसांत कळत-नकळत घडलेल्या शिवाशिवीच्या दोषाचे परिमार्जन म्हणून हे व्रत केले जाई आणि पाळी गेल्यावर अनेक घरांत त्याचे उद्यापन होई. विटाळ संपला याची दखल समाजाने घेतली. त्या वर्षांत स्त्रीच्या मनावर काय गुदरते, हा प्रश्न मात्र विधीच्या कक्षेत आला नाही आणि पुढे दीर्घकाळ वैद्यकाच्या कक्षेतही आला नाही.

गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग हा मुंबईचा पट्टा या प्रश्नाच्या अभ्यासासाठी महत्त्वाचा आहे. स्त्रियांच्या आरोग्याशी संबंधित कितीतरी महत्त्वाचे प्रयत्न याच परिसरात आणि त्याच्या आसपास झाले. या प्रयत्नांत प्रौढ स्त्रीच्या मनाला कोणते स्थान मिळाले आणि संप्रेरक उपचारांकडे येथे कोणत्या पूर्वानुभवातून पाहिले गेले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

चाळीतील घर आणि 'पाळी जाणे'

रजोनिवृत्तीची जाणीव भारतीय परंपरेला नवी नाही. सुश्रुतसंहितेत रजःप्रवृत्तीचा आरंभ बाराव्या वर्षी आणि क्षय पन्नासाव्या वर्षी सांगितला आहे. आधुनिक भारतीय पाहण्यांत नैसर्गिक रजोनिवृत्तीचे सरासरी वय साधारणपणे ४६ ते ४७ वर्षे आढळते. पाश्चात्त्य देशांत ते ५१ च्या आसपास आहे. पाळी थांबण्याच्या आधीची काही वर्षे संप्रेरकांच्या चढउतारांची असतात. अंगातून एकाएकी उष्णतेची लाट उठणे, रात्री घामाने जाग येणे, झोपमोड, चिडचिड, जीव घाबरा होणे आणि मन कशातच न लागणे या तक्रारी प्रामुख्याने याच काळातील होत.

गिरणगावातील एका खोलीच्या संसारात या तक्रारींना आडोसा नव्हता. ज्या घरांत 'बाहेर बसण्याची' चाल होती, तेथे पाळी येणे आणि जाणे ही दोन्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळणारी गोष्ट होती. पाळी गेल्यावर स्त्रीला देवघर आणि स्वयंपाक यांवर महिन्याचे सर्व दिवस अधिकार मिळे. त्या अर्थाने ही सुटका होती. मार्शा फ्लिंट या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ स्त्रीने १९७५ मध्ये राजस्थान व हिमाचल प्रदेशातील राजपूत स्त्रियांविषयी असेच निरीक्षण मांडले होते. रजोनिवृत्तीमुळे पडद्यातून मोकळीक मिळणाऱ्या या स्त्रियांत तक्रारी फारशा आढळत नाहीत, असे तिचे प्रतिपादन होते.

तथापि हे निरीक्षण चाळीतील स्त्रीला जसेच्या तसे लावता येत नाही. बहुधा याच वयात घरात सून येई, खोली तीच राही आणि माणसे वाढत. अशा वेळी प्रौढ स्त्रीची चिडचिड 'सासूपणा' ठरे. तिचे गप्प होणे वयाच्या खात्यावर जमा होई. त्रास अधिक वाढला तर 'बाहेरचे काही' असल्याची शंका घेतली जाई. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे 'ठाण्याला' नेण्याची भाषा. ठाण्याच्या मनोरुग्णालयामुळे मुंबईच्या बोलीत रूढ झालेला हा शब्दप्रयोग मानसिक आजाराविषयीच्या लोकभयाचा निदर्शक आहे. स्वभाव, बाधा आणि वेड या तीन नावांपलीकडे तिच्या उदासीला चौथे नाव उपलब्ध नव्हते.

मातृत्वकेंद्री आरोग्यसंस्था

स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टरांनी चालवावयाचे कामा रुग्णालय १८८६ मध्ये दक्षिण मुंबईत सुरू झाले. परळला १९२६ मध्ये राजे एडवर्ड स्मारक, म्हणजेच केईएम, रुग्णालय कार्यान्वित झाले. त्याच वर्षी गिरणी कामगार स्त्रियांची प्रसूतीची सोय डोळ्यांसमोर ठेवून नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह उभे राहिले. मुंबई प्रांताचा प्रसूतिलाभ कायदा १९२९ चा. देशातील अशा स्वरूपाचा तो पहिला कायदा होता.

या प्रयत्नांचा रोख मातेकडे होता आणि त्यास सबळ कारण होते. बाळंतपणातील मृत्यू ही त्या काळची जळजळीत समस्या होती. १९२८ ते १९४७ या काळात कामा रुग्णालयाची धुरा सांभाळणाऱ्या पहिल्या भारतीय डॉक्टर जेरुशा झिराड यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईतील मातामृत्यूंचा पद्धतशीर अभ्यास केला, तो याच निकडीतून. जेथे बाळंतीण वाचविणे हेच आव्हान होते, तेथे पन्नाशीतील स्त्रीची उदासी प्राधान्यक्रमात मागे पडणे स्वाभाविक होते.

दुसरा प्रवाह संततिनियमनाचा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि जुलै १९२७ पासून १९५३ मधील आपल्या मृत्यूपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. स्त्रीदेहाविषयी उघड आणि शास्त्रीय मराठीत बोलण्याची वाट त्यांनी पाडली. पुढे १९४९ मध्ये मुंबईत भारतीय कुटुंबनियोजन संघाची स्थापना झाली. परळ येथे १९५४ मध्ये सुरू झालेल्या गर्भनिरोधक चाचणी केंद्रातून १९७० मध्ये प्रजनन संशोधन संस्था आकारास आली. प्रसूतिगृह मातेसाठी आणि संततिनियमन केंद्र माता होऊ न इच्छिणाऱ्या स्त्रीसाठी होते. प्रजननाचे वय ओलांडलेली स्त्री या दोन्ही दालनांच्या बाहेर राहिली.

संप्रेरकांचे आगमन आणि अविश्वासाची पार्श्वभूमी

इस्ट्रोजेन वर्गातील संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात १९२९ मध्ये यश आले. गाभण घोडीच्या मूत्रापासून तयार केलेले 'प्रीमरिन' हे औषध १९४२ मध्ये अमेरिकेत बाजारात आले. रॉबर्ट विल्सन या डॉक्टरने १९६६ मध्ये 'फेमिनिन फॉरेव्हर' या पुस्तकातून रजोनिवृत्ती हा संप्रेरकाच्या अभावाचा रोग ठरविला आणि इस्ट्रोजेनला चिरतारुण्याचे साधन बनविले. १९७५ मध्ये केवळ इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढत असल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेव्हापासून गर्भाशय असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टोजेन देण्याची पद्धत रूढ झाली.

मुंबईतील जागृत स्त्रियांना संप्रेरकांचा परिचय झाला तो वेगळ्या वाटेने. गर्भधारणेच्या चाचणीसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या जादा मात्रेच्या औषधांमुळे गर्भाला धोका संभवतो, या कारणास्तव देशभर आंदोलन झाले. १९८२ मध्ये बंदीचा आदेश निघाला, उत्पादक न्यायालयात गेले आणि प्रत्यक्ष बंदी १९८८ मध्ये आली. याच दशकात टोचून घ्यावयाच्या गर्भनिरोधकांविरुद्ध स्त्री संघटनांनी लढा दिला. त्यामुळे संप्रेरक म्हणजे स्त्रीच्या संमतीवाचून तिच्या देहावर होणारा प्रयोग, ही भावना रुजली. ती निराधार नव्हती. तथापि तिचा एक परिणाम असा झाला की, ज्या स्त्रीला या उपचाराचा खरोखर उपयोग झाला असता, तिच्यापर्यंत माहिती पोहोचण्याआधी भीती पोहोचली.

उदासीचे मूळ : देह की परिस्थिती?

मानसोपचारशास्त्रानेही या प्रश्नावर दोन टोके गाठली. क्रेपेलिन या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने १८९६ मध्ये उतारवयातील विषण्णतेला स्वतंत्र आजाराचे स्थान दिले. १९८० मध्ये अमेरिकन वर्गीकरणातून हा आजार वगळण्यात आला, कारण त्याचे वेगळेपण पुराव्याने सिद्ध होत नव्हते. २००६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या दोन दीर्घकालीन अभ्यासांनी पुन्हा नवे वळण दिले. पूर्वी कधीही नैराश्य नसलेल्या स्त्रियांतही रजोनिवृत्तीच्या संक्रमणकाळात नैराश्याची लक्षणे उद्भवण्याचा धोका वाढतो, असे त्यांतून दिसले. म्हणजे रजोनिवृत्तीमुळे प्रत्येक स्त्री खचते हे खरे नाही आणि या त्रासाचा देहाशी काहीच संबंध नाही हेही खरे नाही.

लालबाग-परळच्या संदर्भात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत सुमारे एक पंचमांश असलेल्या स्त्रिया पुढील काळात यंत्रबदल आणि कामाच्या फेररचनेमुळे मोठ्या प्रमाणावर बाहेर पडल्या. अनेकींनी खानावळी चालविल्या. त्यांच्याच संघटनेतून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये दादरला अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर गिरण्यांचा ऱ्हास थांबला नाही. त्या वर्षांत पंचेचाळिशी-पन्नाशीत असलेल्या स्त्रीच्या घरात नवऱ्याची नोकरी गेली होती, मुलगा बेकार होता आणि खानावळीचे गिऱ्हाईकही तुटले होते. तिची रात्रीची झोप घामाने मोडत होती की उद्याच्या काळजीने, हे विभागून सांगणे कठीण आहे. केवळ गोळी लिहून देणारा डॉक्टर तिची परिस्थिती पाहत नाही आणि केवळ परिस्थितीकडे बोट दाखविणारा विचारवंत तिचा देह विसरतो.

२००२ नंतरचे वळण

इंडियन मेनोपॉज सोसायटीची स्थापना १९९५ मध्ये झाली आणि रजोनिवृत्तीला भारतीय वैद्यकात स्वतंत्र व्यासपीठ लाभले. अवघ्या सात वर्षांत, जुलै २००२ मध्ये, अमेरिकेतील 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या १६,६०८ स्त्रियांवरील चाचणीचा संयुक्त संप्रेरकांचा भाग मुदतीपूर्वी थांबविण्यात आला. दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे आठ आणि पक्षाघाताचे आठ रुग्ण अधिक आढळले. खुब्याचे अस्थिभंग मात्र पाचाने कमी झाले. जगभर संप्रेरकांचा वापर घसरला. या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, ही बाब वृत्तपत्रांच्या मथळ्यांत हरवली. पुढील विश्लेषणांत साठीच्या आत किंवा रजोनिवृत्तीनंतर दहा वर्षांच्या आत उपचार सुरू करणाऱ्यांत लाभ-हानीचे पारडे अधिक अनुकूल दिसले. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरील चौकटीतील बहुतेक इशारे काढण्याचा निर्णय जाहीर केला. केवळ इस्ट्रोजेन घेण्याशी निगडित गर्भाशयाच्या कर्करोगाचा इशारा कायम ठेवला.

मनःस्वास्थ्यापुरते बोलायचे तर चित्र संयत आहे. २००३ मध्ये याच चाचणीच्या जीवनमानविषयक निष्कर्षांत संप्रेरकांमुळे नैराश्याच्या लक्षणांत लक्षणीय फरक आढळला नाही. अमेरिकेतील तज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार या काळातील नैराश्यावर नैराश्यरोधक औषधे आणि मानसोपचार हेच मुख्य उपचार होत. पाळी पूर्ण थांबण्यापूर्वीच्या संक्रमणकाळात, विशेषतः उष्णतेच्या लाटांचा त्रास असल्यास, इस्ट्रोजेनचा मनःस्थितीलाही लाभ होऊ शकतो; पाळी थांबून वर्षे लोटल्यावर तसा परिणाम दिसत नाही. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात किंवा यकृताचा गंभीर विकार असलेल्या स्त्रियांना हा उपचार सामान्यतः वर्ज्य मानला जातो.

समारोप

कामा रुग्णालयापासून परळच्या संशोधन संस्थेपर्यंतच्या वाटचालीत मुंबईने स्त्रीला माता म्हणून वाचविले आणि मातृत्व नाकारण्याचा अधिकारही दिला. ही कामगिरी थोर आहे. या दोन भूमिका संपल्यावर उरणाऱ्या आयुष्यासाठी मात्र या वाटचालीच्या मोठ्या भागात स्वतंत्र दालन नव्हते. आज अनेक स्त्रिया रजोनिवृत्तीनंतर तीस वर्षे किंवा त्याहूनही अधिक जगतात. संप्रेरकांविषयी चिरतारुण्याचे आश्वासन आणि सरसकट भीती ही दोन्ही टोके इतिहासाने खोटी ठरविली आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञाने झोप आणि मनाविषयी विचारणे, मानसोपचारतज्ज्ञाने पाळीविषयी विचारणे आणि दोघांनीही तिच्या घराविषयी विचारणे, हा या इतिहासातून निघणारा किमान धडा आहे. महाविद्यालयांतील स्त्री अध्ययन केंद्रांनी गिरणगावातील वृद्ध स्त्रियांच्या मौखिक कथनांतून या विषयाची नोंद वेळीच केली पाहिजे. चाळी पाडून मनोरे उभे राहत असताना या आठवणी सांगणारी पिढीही झपाट्याने मावळत आहे.