स्पिंक, वॉल्टर

स्पिंक, वॉल्टर : (१९२८–२०१९). अमेरिकन कलेतिहासकार व अजिंठा लेण्यांचे अभ्यासक. जन्म मॅसॅचूसेट्समधील वुस्टर येथे. ॲम्हर्स्ट कॉलेज व हार्व्हर्ड विद्यापीठात शिक्षण. काही काळ ब्रँडाइस विद्यापीठात शिकवल्यानंतर १९६१ मध्ये ते मिशिगन विद्यापीठात आले आणि निवृत्तीपर्यंत तेथेच राहिले.

एलिफंटा, जोगेश्वरी, वेरूळ यांवरही त्यांनी लिहिले. पण त्यांचे नाव जोडले गेले ते अजिंठ्याशीच. सातवाहनकालीन लेणी सोडल्यास अजिंठ्याचे उरलेले काम सातव्या शतकापर्यंत रेंगाळत चालले, असे पूर्वी मानीत. स्पिंक यांनी ते सारे वाकाटक नृपती हरिषेण याच्या कारकिर्दीत, साधारण इ. स. ४६० ते ४८० या वीसेक वर्षांत बसवले. सोळाव्या लेण्यातील वराहदेवाचा आणि सव्विसाव्यातील बुद्धभद्राचा, असे शिलालेख त्यांनी आधाराला घेतलेच. पण त्यांचा खरा भर कोरक्यांच्या कामावर होता. भिक्षूंच्या खोल्यांच्या दारांचे उदाहरण घ्या. दाराचा खुंट फिरण्यासाठीची खोबण आधी चौकटीतच खोदलेली दिसते. पुढे त्यासाठी आतल्या बाजूस दगडाचे पुढे आलेले तुकडे राखले जातात. त्यानंतर दार मागे सरकवून बसवण्यासाठी भिंतीत खाच येते. या बदलांवरून कोणती खोली आधीची, कोणती नंतरची, हे त्यांनी ठरवले. चोविसावे लेणे पुरे झाले असते तर येथील भव्य विहारांत मोडले असते. ते अर्धवट टाकलेले आहे. अशा अपुऱ्या कामांवरून, काम हळूहळू ओसरले नाही, राज्य कोसळताच ते एकाएकी थांबले, असे त्यांचे म्हणणे.

आधीनंतरचा हा क्रम बराचसा पटतो. मात्र अमुक वर्षी अमुक लेणे, इतक्या नेमक्या तारखांना पुरावा पुरत नाही. हरिषेणानंतरच्या घडामोडींसाठी त्यांनी दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तील विश्रुताच्या कथेत इतिहास पाहिला. वा. वि. मिराशी यांनीही ती कथा तशी वाचली होती. तरी कल्पित कथेवर एवढा भार टाकणे अनेक अभ्यासकांना मान्य नाही.

‘अजंता : हिस्टरी अँड डेव्हलपमेंट’ हा त्यांचा अनेक खंडांचा इंग्रजी ग्रंथ २००५ पासून लायडन येथून प्रसिद्ध होऊ लागला. त्याचा पाचवा खंड लेणीनिहाय आहे; तारखांचा वाद बाजूला ठेवूनही, अजिंठ्याला जाण्यापूर्वी तो चाळावा.